चेपलेल्या डबीचा खुळखुळा

३ फेब्रुवारी, सोमवार

बालशिक्षणाच्या कोर्समध्ये सांगितलं होतं की शिक्षिकेने रोज लिहावं आणि लिहिताना स्वतःशी प्रामाणिक राहावं. रोज लिहिणं जमेलसं वाटत नाही. प्रामाणिकपणाचं बघू.

नोकरी लागली! बालवाडीत, मधल्या वर्गावर. मुख्याध्यापिकेला इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी वर्ग दाखवला. एक खिडकी, गुडघ्याएवढ्या खुर्च्या आणि एक कपाट. कपाट उघडलं तर आत एक कात्री, तीही बोथट. "हस्तकलेचं साहित्य?" मी विचारलं. "टाकाऊतून टिकाऊ," मोठ्या बाई म्हणाल्या आणि निघाल्या. दारातून वळून एवढंच म्हणाल्या की बावीस तारखेला पालक येणार आहेत, तेव्हा मुलांनी काहीतरी करून दाखवावं, मग तुम्हाला कायम करायचं की नाही ते पाहू.

घरी येऊन सांगितलं. नवरा खूश झाला. सासूबाई म्हणाल्या, "पोरांचे शेंबूड पुसायला एवढं शिकलीस होय!" त्यांची आनंद दाखवायची ही पद्धत असावी. पहिल्या पगाराच्या नोकरीला दोन बांगड्या घालून जावं असं फार मनात होतं, पण माझं सगळं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ते तिथे पोचतं केलं. घरात सोनं ठेवणं म्हणजे चोराला पत्ता देणं, हे त्या येता-जाता सांगतात. आजही म्हणाल्या, "अगं, ह्यांची अंगठीसुद्धा तिथंच आहे, मग तुझ्या बांगड्यांचं काय घेऊन बसलीस?" सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, त्यांची अंगठी मध्ये आली की बोलणं संपतं. मी प्लास्टिकच्या बांगड्या घातल्या.

४, मंगळवार

आमच्या घरात कचऱ्याची बादली शोभेपुरती आहे. सासूबाई काहीही टाकत नाहीत. तुटलेला कंगवा, पेन संपलेलं पण टोपण चांगलं, कुलूप हरवलेली किल्ली, सगळं स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर. "लागतं कधीतरी." म्हणजे हस्तकलेच्या शिक्षिकेला ही सोन्याची खाणच! म्हणून संध्याकाळी गोड आवाजात विचारलं, "आई, वरच्या फळीवरचं थोडं नेऊ का मुलांना?"

"नाही."

"थोडंच."

"म्हटलं ना, हात लावायचा नाही."

प्रामाणिकपणे लिहायचं तर लिहिते. सासूबाई आंघोळीला गेल्या आणि मी स्टुलावर चढले. बाटल्यांची झाकणं, दोन पुठ्ठ्याच्या नळ्या, चार-पाच डब्या. अगदी मागे, भिंतीला टेकून एक बामाची डबी होती. गंजलेली, झाकण चेपलेलं, काही केल्या उघडेना. हलवून पाहिली, आवाज नाही, म्हणजे रिकामीच. हिच्याइतकी टाकाऊ वस्तू घरात दुसरी नसेल, म्हणून ती आधी पिशवीत टाकली.

६, गुरुवार

वर्गातल्या मुलांची नावं इथे लिहीत नाही, वही कुणाच्या हाती लागली तर पंचाईत. एक वकील आहे, प्रत्येक गोष्टीवर "पण का?" विचारतो. एक डिंक्या आहे, तो डिंक खातो. (खळ करून दिली, तीही खाल्ली.) आणि एक चिमणी. नवीनच आली आहे. शाळेत आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. आई म्हणते, "घरी तर हिचं तोंड मिटत नाही हो." इथे मात्र विचारलं तर मान हलवते, तीही निरखून पाहिलं तरच कळते.

आज सगळ्या टाकाऊ वस्तू मध्यभागी ओतल्या आणि म्हटलं, "घ्या हवं ते, करा हवं ते." कोर्समध्ये याला मुक्त अभिव्यक्ती म्हणतात. डिंक्याने दोन झाकणं डोळ्यांना लावली आणि भिंतीवर आपटला. वकिलाने बुटाच्या खोक्याचं कोर्ट केलं. चिमणीने सगळ्यांचं घेऊन झाल्यावर ती चेपलेली डबी उचलली, बाहेर नेली आणि पायरीवर आपटत बसली. ठण, ठण, ठण. मी म्हटलं, आपटू दे, राग निघतोय.

दुपारी पाहते तर तिने निळ्या कागदावर ढग केलेला, आणि ढगाला खरा कापूस! कापूस कुठून पैदा केला कोण जाणे, मी तर आणला नव्हता. मुलं कुठून काय शोधतील सांगता येत नाही. ढग भिंतीवर लावला.

७, शुक्रवार

ठरलं. बावीसला वाद्यवृंद! सगळी वाद्यं टाकाऊ वस्तूंची. नळ्यांच्या पिपाण्या, खोक्यांचे ढोल, डब्यांचे खुळखुळे. आज डबीत काय घातलं की कसा आवाज येतो ते पाहिलं. खडे खडखड, वाळू सळसळ, मणी किरकिर. डिंक्याने डबीत खळ घातली. आवाज आला नाही. "का?" वकिलाने विचारलं आणि पहिल्यांदाच सगळा वर्ग गप्प बसून विचार करू लागला. अशा वेळी मला माझाच अभिमान वाटतो.

चिमणीने तीच चेपलेली डबी एका जाड काडीला चिकटपट्टीने गुंडाळून आणली. हलवली. काय आवाज! टिण्ण, टिण्ण, स्वच्छ, अगदी घरच्या देव्हाऱ्यातल्या घंटीसारखा. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आत काय घातलंस विचारलं तर तिने डबी पाठीमागे लपवली. सगळं गंजाचं श्रेय असावं. गंजलेल्या पत्र्याचा नाद वेगळा येतो, असं मी मुलांना समजावून सांगितलं.

१०, सोमवार

घरात भूकंप. सकाळी सासूबाई स्टुलावर उभ्या, फळी रिकामी करून. "वरचं कोणी हलवलं?"

आता खोटं काय बोलणार. म्हटलं, "आई, एक-दोन रिकाम्या डब्या नेल्या. चांगल्या कामाला लागल्या हो."

"कोणत्या डब्या?"

"बामाची होती एक. गंजलेली."

त्या स्टुलावरच बसल्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं डोकं धरलं. नवऱ्याने विचारलं, "काय होतं त्या डबीत?" तर म्हणाल्या, "बाम! दुसरं काय असणार बामाच्या डबीत?" मी धावत जाऊन नवी डबी आणली, हातात दिली. त्यांनी ती अशी बाजूला सारली की जणू मी विषच दिलंय. एका बामासाठी एवढं! दुपारी जेवल्यासुद्धा नाहीत नीट, असं नवऱ्याने फोनवर सांगितलं.

११, मंगळवार

सासूबाई शाळेत आल्या! "कुठं जातेस रोज, बघावं म्हटलं." माझी पाचावर धारण बसली. पण मोठ्या बाई भलत्याच खूश, फुकटातला एक माणूस वाढला ना.

सासूबाईंनी वर्गाची अशी झडती घेतली की पोलीसही लाजावेत. एकेक खुळखुळा कानाशी नेऊन हलवला, ढोलात हात घालून पाहिला, पिपाणीतून आरपार बघितलं. मुलांना वाटलं हा खेळच आहे, रांग लावून उभी राहिली. "आजी, माझा ऐका! आजी, माझा!" मग चिमणीचा नंबर आला. मीच कौतुकाने म्हटलं, "ओळखलीत का डबी? आपलीच! बघा, गंजलेल्या डबीचं कसं सोनं केलं पोरीने."

सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून कळलेलं नाही. मग हात पुढे केला. चिमणीने डबी छातीशी धरली आणि टेबलाखाली गेली. सासूबाईही मागोमाग टेबलाखाली, गुडघे दुखतात तरी. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, रिकाम्या हातांनी. आजचा दिवस कसा गेला विचारलं तर म्हणाल्या, "उद्या येते."

१३, गुरुवार

रोज येतात. ठेंगण्या खुर्चीत बसतात, चिमणीच्या शेजारी. माझ्यावर पाळत असावी, कारण मी जवळ गेले की बोलणं थांबतं. म्हणजे सासूबाईंचं बोलणं. चिमणी कुठे बोलते?

आज येताना मोठी पिशवी. वरची फळी निम्मी उतरवली होती त्यांनी, आपल्या हातांनी! पितळी बटण, काचेची गोटी, चमचा, ती कुलूप हरवलेली किल्ली. चिमणीपुढे एकेक ठेवत होत्या, वाजवून दाखवत होत्या. "ही बघ, हिचा आवाज केवढा मोठा. डबीत ही घाल की." चिमणी मानेने नाही म्हणत होती. बाकीची पोरं जमली आणि जे चिमणीने नाकारलं ते डब्यांत घालून पाहू लागली. जड वस्तू खाली आदळते, हलकी नाचते, गोल घरंगळते, हे पोरांनी न शिकवता शोधलं. सासूबाई शिक्षिका म्हणून माझ्यापेक्षा बऱ्या, हे लिहायला जरा जड जातंय.

संध्याकाळी मी म्हटलं, "आई, तुम्हाला मुलांची एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं." त्या म्हणाल्या, "मलाही नव्हतं वाटलं." आणि कपाळाला हात लावला.

१४, शुक्रवार

दुपारी मुलं झोपली होती. मी दारातून डोकावले तर चिमणी पालथी झोपलेली, सासूबाई उशाशी बसलेल्या आणि त्यांचा हात हळूच तिच्या उशीखाली. उशी सारखी करत होत्या बिचाऱ्या. केवढी माया! माझे डोळे भरून आले. तेवढ्यात चिमणीने डोळे उघडले. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सासूबाईंनी हात काढून घेतला आणि तिला थोपटू लागल्या. मी पाय न वाजवता निघून आले.

१७, सोमवार

आजची गोष्ट लाल शाईने लिहायला हवी. चिमणी बोलली!

सासूबाई तिला काहीतरी कानात सांगत होत्या, बराच वेळ, अगदी काकुळतीला येऊन. आणि चिमणी मोठ्याने म्हणाली, "नाही!" सगळी पोरं वळली. मग वकील ओरडला, "बोलली! ती बोलली!" डिंक्याने ढोल बडवला. मी तिला उचलून गोल फिरवलं. मोठ्या बाई धावत आल्या, त्यांनी तिच्या आईला फोन लावला. सगळ्या शाळेत आनंदीआनंद, एकट्या सासूबाई सोडून. त्या तोंड पाडून बसलेल्या. चिमणीचा पहिला शब्द आपल्याला मिळाला याची किंमतच नाही या बाईंना.

१८, मंगळवार

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी विचारलं, "त्या वस्तूंचं पुढं काय करणार? कार्यक्रम झाल्यावर?"

"ज्याची वस्तू त्याच्या घरी," मी म्हटलं.

"शाळेतच ठेवल्या तर?"

मग मी जरा सविस्तर समजावलं. मुलाने केलेली वस्तू ही त्या मुलाची असते. मोठ्यांनी तिला न विचारता हात लावणं म्हणजे त्या मुलाचा विश्वास मोडणं. मग वस्तू कितीही साधी असो की मौल्यवान असो. सासूबाई ऐकत होत्या. नवरा म्हणाला, "छान बोलतेस हो." मलाही छान वाटलं.

"म्हणजे बावीसला जाणार," सासूबाई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

२०, गुरुवार

तालमीत चिमणीला सुरुवात दिली आहे. आधी तिचं टिण्ण, टिण्ण, मग बाकीची फौज. दुसऱ्या कुणी सुरुवात केली की बाकीच्यांना कळतच नाही, पण तिचा खुळखुळा वाजला की डिंक्याही तोंडातली वस्तू काढून वाजवायला लागतो.

आता ती बोलते, पण फक्त सासूबाईंशी आणि फक्त कुजबुजत. सकाळी दाराशी उभी असते. सासूबाई आल्या की आत येते. आज त्यांना दहा मिनिटं उशीर झाला तर पोरगी दप्तर न काढता दारातच. मी म्हटलं, "चल, मी आहे ना," तर मानेने नाही. माझा थोडा जळफळाट झाला.

२२, शनिवार

आधी कार्यक्रमाचं लिहिते, मग बाकीचं.

पालक आले, दाटीवाटीने ठेंगण्या खुर्च्यांवर बसले. चिमणी पुढे झाली. मला धास्ती होती की एवढी माणसं पाहून ती टेबलाखाली जाईल. तिने सासूबाईंना शोधलं. त्या शेवटच्या रांगेत होत्या. मग टिण्ण, टिण्ण. ढोल, पिपाण्या, खुळखुळे, एकच कल्ला झाला, ताल कुठेच नव्हता आणि सगळे टाळ्या वाजवत होते. मोठ्या बाई माझ्या कानाशी येऊन "सोमवारपासून कायम" एवढंच म्हणाल्या. माझं लक्षच नव्हतं, कारण सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

सगळे आपापली वाद्यं घेऊन निघाले. व्हरांड्यात पाहते तर सासूबाई खाली बसलेल्या, समोर चिमणी, तिची आई थोडी लांब थांबलेली. चिमणीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्या काहीतरी बोलल्या, अगदी हळू. चिमणीने बोट पुढे केलं, सासूबाईंनी बोटात बोट अडकवलं. आणि त्या पोरीने स्वतःच्या हाताने चिकटपट्टी सोडली, झाकण उघडलं आणि डबी त्यांच्या तळहातावर उपडी केली.

अंगठी! सासऱ्यांची. मी फोटोत पाहिली आहे, त्यांच्या बोटात.

गंजलेल्या पत्र्याचा नाद! ढगावरचा कापूस! अक्कल वाटत होते तेव्हा मी बहुधा कोर्सला गेले होते.

चिमणीने सासूबाईंच्या पिशवीत हात घालून ती कुलूप हरवलेली किल्ली काढली, डबीत टाकली, झाकण लावलं, हलवून पाहिली. खडाक खडाक. गेल्या आठवड्यात हीच किल्ली तिने नाकारली होती. आज चालली. आईचं बोट धरून निघून गेली.

आम्ही दोघी घरी निघालो. मग मीच म्हटलं, "आई, अंगठी तर लॉकरमध्ये होती ना?"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," त्या म्हणाल्या. "लॉकरमध्ये ठेवली असती तर वर्षातून एकदा दिसली असती. डबीत होती म्हणजे हाताशी होती. तू बाजारात गेलीस की काढून बघायची मी. आणि बामाची डबी कोण चोरतंय? चोर तर नाहीच." मग जरा थांबून, "सून चोरते, हे कुठं माहीत होतं."

"मला सांगायचंत! त्याच दिवशी आणली असती."

"तुला सगळं सोनं उचलून लॉकरमध्ये ठेवायला लावलं आणि मग सांगू? कोणत्या तोंडानं? आणि पोरीच्या हातून ओढून घ्यायची म्हणजे... प्रयत्न केला गं. झोपेतसुद्धा केला. जमेना."

मला उशीखालचा हात आठवला. माया कशी दिसते ते मी केवढ्या खात्रीने लिहिलं होतं.

"पण मग आज कशी दिली तिने? तिला तो आवाज एवढा आवडायचा."

सासूबाई चालायच्या थांबल्या. "आवाजाचं काही नव्हतंच. आज विचारलं तिला, बाई गं, का देत नाहीस? तर कानात म्हणाली, दिली की तू येणार नाहीस."

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून रडलो. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

२३, रविवार

ठरलंय की नवऱ्याला काही सांगायचं नाही. चहाच्या वेळी मी सहज म्हटलं, "मग माझ्या बांगड्या लॉकरमधून काढू या का?"

सासूबाईंनी विचार केला. "काढू की. ठेवायला डबी मी देते."

२४, सोमवार

मी आवरून दाराशी आले तर सासूबाई आधीच चपला घालून उभ्या. हातात पिशवी, वरची उरलेली फळी त्यात. मी म्हटलं, "आई, आता कशाला त्रास? अंगठी मिळाली की."

"तुझ्यासाठी नाही येत हो मी. शब्द दिलाय."

चिमणी दारातच होती. दप्तर पाठीवर, डबी हातात. आम्हाला पाहिलं आणि खडाक खडाक वाजवत आत पळाली. वकिलाला सांगत होती, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बघ, आली! तू म्हणालास येणार नाही!" वकिलाने पहिल्यांदाच "पण का?" विचारलं नाही.

१ मार्च, शनिवार

सुट्टी होती. स्वयंपाकघर आवरलं. वरची फळी आता स्वच्छ, जवळजवळ मोकळी, सगळं शाळेत गेलंय. अगदी मागे, भिंतीला टेकून एक डबी. मी आणलेली नव्या बामाची, आता घासूनपुसून ठेवलेली. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी स्टुलावर चढले.

आता आवाज आला नाही तरी मी कुठल्याच डबीला रिकामी म्हणत नाही. जपून, जरासं हलवलं. टिण्ण.

या वेळी त्यांनी कापूस घातलेला नाही.